गोंदियाच्या फ्रीजमधलं औषध

वीरेंद्र भाऊजींना आयुष्यात एकच काम नीट जमलं, ते म्हणजे दुसऱ्याच्या कामावर आपला फोटो लावणं. गणपतीच्या मंडपावर त्यांचा फोटो. रक्तदान शिबिराच्या बॅनरवरही त्यांचाच. रक्त मात्र आजवर थेंबभर दिलेलं नाही. आणि आता बालाघाटच्या समाजभवनाच्या दाराशी टांगलेल्या या नव्या बॅनरवर, डाव्या अंगाला, हात जोडून पुन्हा तेच. उजव्या कोपऱ्यात, आधार कार्डावर असते तेवढी, दुर्गाबाईची लेक श्रुतिका. मधोमध इंटरनेटवरून उचललेला एक गोरा डॉक्टर हातात सुई घेऊन हसत होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘पेट के रोगों की अचूक दवा खोजने वाली हमारी बिटिया का भव्य सत्कार’.

ज्यांच्या जिवावर पोरीनं पीएचडी केली त्यातला एक उंदीर तरी बॅनरवर पाहिजे होता, असं दुर्गाबाईला वाटलं. गोऱ्या डॉक्टरपेक्षा त्याचा हक्क जास्त होता.

भाऊजी म्हणजे तिच्या नवऱ्याचे, प्रेमलालचे, धाकटे भाऊ. वारासिवनीला खत-बियाण्याचं दुकान, समाजाचं उपाध्यक्षपद, आणि दोन्हीपेक्षा मोठं तोंड. श्रुतिका नागपूरला औषधशास्त्र शिकायला गेली आणि प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते असं घरात कळलं, तेव्हा दिवाळीच्या पंगतीत भाऊजी चाळीस माणसांसमोर म्हणाले होते, “वहिनी, पोट्टीले एवढं शिकवून शेवटी उंदीर मारासाठीच धाडलं का? आमच्या दुकानात त्याची पुडी भेटते!” पंगत हसली. प्रेमलालही हसला, कारण प्रेमलाल सगळ्यालाच हसतो. तेव्हापासून श्रुतिकाचं नाव घरात ‘उंदीरवाली’ पडलं.

मग या फेब्रुवारीत एका हिंदी पेपरात तिच्याबद्दल चार ओळी छापून आल्या आणि भाऊजींचा फोन आला. “मी तं पहिलेपासून म्हणत होतो वहिनी, पोट्टी नाव काढते म्हणून!”

दुर्गाबाईनं फोन कानापासून लांब धरला आणि तेजराम टेलरकडून कामाला आलेल्या ब्लाउजला हुक लावत राहिली.

श्रुतिकाचं काम काय आहे, हे एका सुट्टीत पोरीनंच तिला समजावलं होतं. आतड्याला रक्त नेणारी नस कधी कधी बंद होते. रक्त थांबलं की आतडं उपाशी मरू लागतं. आता डॉक्टरनं ती नस मोकळी केली तर आपण म्हणू, चला, सुटलो. तर तसं नाही. रक्त परत आलं की ते आणखी नासधूस करतं.

“असं कसं?” दुर्गाबाईनं विचारलं होतं. “ज्याच्यावाचून मरून राह्यलं तेच भेटलं, तं मरन कायले?”

“आई, धानाची बांधी पार सुकून भेगा पडल्या, अन् नहराचं पाणी एकदम सोडलं, तं काय होते?”

“बांध-धुरे फुटते. माती वाहून जाते.”

“तसंच.”

तर त्या परत येणाऱ्या रक्तापासून आतड्याला सांभाळणारा एक पदार्थ श्रुतिकाच्या प्रयोगशाळेनं बनवला होता. प्रथिनाचा बारीकसा तुकडा, त्याला पेप्टाइड म्हणायचं. उंदराची नस चिमट्यानं बंद करायची, सोडायच्या आधी हे टोचायचं, मग आतडं तपासायचं. ज्या उंदरांना टोचलं त्यांची आतडी बरीच बरी निघाली. एवढंच. माणसाच्या अंगात त्याचा थेंबही गेलेला नव्हता, आणि जायला अजून कितीतरी वर्षं होती. पेपरातल्या चार ओळींपैकी एक ओळ नेमकी हेच सांगत होती. भाऊजींनी उरलेल्या तीन वाचल्या.

सत्काराला दीडशे माणूस जमलं. श्रुतिका दारातून आत येते तोच कोणी तिला आपला गॅस सांगितला, कोणी मूळव्याध. लामत्याहून आलेली एक म्हातारी पदराच्या गाठीतले पैसे सोडून म्हणाली, “बाई, एक पुडी दे बस.” श्रुतिका प्रत्येकाला सांगत होती, “मी डॉक्टर नाही, अन् ते औषध अजून औषध नाही.” लोक मान डोलवत होते आणि हात पुढेच ठेवत होते. स्टेजवरून भाऊजी माइकवर सांगत होते, “घबराओ मत, सबको मिलेगा!”

आईच्या बाजूला येऊन बसली तेव्हा पोरीचं तोंड उतरलं होतं. “काकाजीनं काय काय सांगून ठेवलं आहे यायले?”

“जे आपल्याजवळ नाही ते वाटाचं सांगितलं. दुसरं काय येते त्यायले.”

मुख्य पाहुणे बैहरकडून निघाले होते आणि पोचत नव्हते. आता समाजभवनाचा एक अलिखित कायदा आहे. मुख्य पाहुणा आल्याशिवाय शाल कोणाला नाही आणि जेवण तर नाहीच. आणि स्टेजवर एकदा बसलेला माणूस काही झालं तरी उठत नाही, कारण खुर्ची सोडली की खुर्ची गेली. परत येईपर्यंत तिच्यावर कोणीतरी माजी सचिव बसलेला असतो. त्या स्टेजवर माणसं लघवी दाबून आयुष्यं काढतात.

म्हणून भाऊजींनी पोट धरलं तेव्हाही ते खुर्चीतच होते.

पहिल्यांदा दुर्गाबाईला हसूच आलं. भाऊजींची नाटकं तिनं लग्न होऊन आल्यापासून बघितली होती. तिच्या घराच्या वास्तूला पत्रिकेत नाव तिसऱ्या नंबरवर आलं म्हणून त्यांच्या छातीत कळ आली होती, आणि नाव वर घेऊन पत्रिका पुन्हा छापल्यावर ती थांबली होती. आज पाहुणे येत नाहीत, माइक दुसऱ्याच्या हातात गेला आहे, म्हणजे कळ येणारच. छातीऐवजी पोटात आली एवढाच फरक. पोटाच्या कार्यक्रमाला ते शोभूनही दिसत होतं.

पण कपाळावरून घाम ओघळून त्यांच्या जाकिटावर पडू लागला. मग ओकारी झाली, स्टेजवर, कुंडीच्या मागे. तरी ते एका हातानं खुर्चीचा दांडा धरून होते. त्यांचा मुलगा रजत आणि कोणी दोघांनी त्यांना उचललं तेव्हा खुर्चीही थोडी वर आली.

त्यांना मागच्या खोलीत, भात शिजवलेल्या मोठ्या गंजांच्या बाजूला सतरंजीवर निजवलं. भाऊजी ओरडत होते. आजवरच्या नाटकात हा आवाज दुर्गाबाईनं ऐकला नव्हता. तो कोणाला ऐकवायचा म्हणून काढलेला नव्हता.

श्रुतिकानं गुडघे टेकले आणि त्यांच्या पोटावर हात ठेवला. दाबून पाहिलं. पोट मऊ होतं, मळलेल्या कणकेसारखं. कुठे फुगलेलं नाही, ताठलेलं नाही. आणि माणूस तर तडफडत होता.

“काकू,” तिनं भाऊजींच्या बायकोला, देवकाबाईला, विचारलं. “काकाजीची नाडी चुकते ना? मागच्या साली गोळी लावली होती ना, रक्त पातळ कराची?”

“हौ. पण ते बंद केली त्यायनं.”

“बंद? कधी?”

“दात घासता घासता रक्त येत होतं ना बाई. त्यायले मोबाईलवर आलं का, रक्त पातळ झालं का माणूस कमजोर पडते. तवापासून लसूण खाते सकाळी.”

लसूण! दुर्गाबाईनं डोळे मिटले. सगळ्या गावाला औषध वाटायला निघालेला माणूस स्वतःची एक गोळी लसणावर सोडून बसला होता.

श्रुतिकाचा चेहरा पांढरा पडला. ती उठून भिंतीकडे तोंड करून नागपूरच्या आपल्या सरांशी बोलली, त्यांनी नंबर दिला तो लावून गोंदियातल्या एका सर्जनशी बोलली, आणि परत आली ती वेगळ्याच आवाजात. “हृदयातली रक्ताची गाठ आतड्याच्या नशीत जाऊन अडकली असन, असं मले वाटते. आतडं मरून राह्यलं. आत्ताच्या आत्ता गोंदियाले न्या. डॉक्टर तयारी करून राह्यले. एक एक मिनिट महत्त्वाचं आहे.”

कोणी हललं नाही.

“गोंदिया कायको, दीदी?” रजत म्हणाला. “दवा तो तुम्हारी ही है ना? इसी बीमारी की?”

“हौ ना,” देवकाबाई म्हणाली. “घरचंच औषध असल्यावर पोट फाडाले कायले न्याचं? दे ना बाई. दे.”

“काकू, माझ्याजवळ औषध नाही. ते उंदरायसाठी आहे. माणसाले कोणी दिलंच नाही आजवर.”

“बॅनरवर तं लिहिलं आहे.”

“बॅनर काकाजीनं बनवला!”

आता दारात गर्दी झाली होती. गर्दीतून कोणी म्हणालं, काकानं एवढा सत्कार ठेवला अन् पोट्टी अशी. दुसरा म्हणाला, मोठ्या लोकांसाठी ठेवलं असेल राखून. देवकाबाईच्या डोळ्यात पाणी होतं, आणि त्या पाण्यातून ती श्रुतिकाकडे असं बघत होती की दुर्गाबाईच्या अंगावर काटा आला.

“त्यायनं तुले उंदीरवाली म्हटलं होतं म्हणून का? त्याचा डाव काढून राह्यली का तू? पाय पडते तुह्या बाई, माफ कर त्यायले.” आणि ती खरंच वाकली.

श्रुतिका मागे सरकली. सतरंजीवर भाऊजी पाय पोटाशी घेऊन कण्हत होते आणि तशातही पुटपुटले, “पाहुणे आले का?”

दुर्गाबाईनं सगळ्यांकडे एकदा बघितलं. इतका मूर्खपणा एका खोलीत तिनं पूर्वी पाहिला नव्हता, आणि तिनं समाजभवनात बरंच पाहिलं होतं. या माणसांना खरं सांगून उपयोग नव्हता. खरं तर पोरगी केव्हाची सांगत होती. यांना चालवायचं तर यांच्याच इंधनावर.

“औषध आहे,” ती म्हणाली.

श्रुतिकानं वळून पाहिलं.

“गोंदियाले आहे. फ्रीजमधी ठेवा लागते, बर्फासारखं. असं पिशवीत घालून कोणी आणते का? त्याच दवाखान्यात ठेवलं आहे, तिथंच टोचते. चौघांत सांगाचं नाही म्हणून पोरगी नाही म्हणून राह्यली. उठा. रजत, गाडी काढ.”

पुढचं सगळं चहा उतू जावा तसं भराभर झालं. आत्तापर्यंत खांबासारखी उभी असलेली माणसं धावू लागली. भाऊजींना सतरंजीसकट उचललं. कोणी फाटक उघडलं, कोणी रस्त्यात उभं राहून ट्रक थांबवला. बॅनर गाडीच्या आरशात अडकून अर्धा फाटला, तेही कोणी पाहिलं नाही. मागच्या सीटवर श्रुतिका आईच्या कानाशी आली.

“आई, काय बोलली तू हे?”

“तुह्या काकूले गाडीत बसवलं. तू काकाकडे पाह्य.”

वैनगंगेचा पूल गेला. भाऊजींचं डोकं दुर्गाबाईच्या मांडीवर होतं, कारण दुसरीकडे जागा नव्हती. जन्मात पहिल्यांदा ते गप्प होते आणि तिला ते आवडत नव्हतं.

गोंदियाला लगेच तपासणी झाली, नस अडकलीच होती, आणि त्यांना आत नेलं. बाहेर रजत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला विचारत होता, “वो दीदी वाली दवा निकाली क्या फ्रीज से?” नर्स त्याच्याकडे दमलेल्या डोळ्यांनी बघून पुढे जात होत्या. श्रुतिका प्रत्येक वेळी मान खाली घालत होती. प्रेमलाल बाकाच्या टोकावर बसून हसू की नको अशा तोंडानं सगळ्यांकडे बघत होता.

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. गाठ काढली होती. आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता, तो कापावा लागला. रक्त आता सुरू झालं होतं. “लवकर आणलं म्हणून एवढ्यावर निभावलं. पण आजची रात्र बघू, उद्या पुन्हा उघडून पाहू,” ते म्हणाले आणि आत गेले.

देवकाबाई रडत रडत हात जोडू लागली. रजतनं चार फोन लावले. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

श्रुतिका तेवढी जिन्याच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. दुर्गाबाई मागोमाग गेली.

“रक्त सुरू झालं म्हणते ना डॉक्टर?”

“हौ. म्हणूनच.” पोरगी ऑपरेशनच्या दाराकडे बघत होती. “नहर सोडला, आई. खरा धोका आता आहे. आत्ता त्यायच्या पोटात जे होऊन राह्यलं ना, ते मी रोज काचेखाली पाह्यते. कोणत्या तासाले काय फुटते, ते सारं मले माहीत आहे. इतकी वर्षं मी याच वेळेवर काम केलं. अन् माझ्याजवळ काहीच नाही.”

दुर्गाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. खाली अंगणात गाड्या येत होत्या, जात होत्या. आणि मग, तिला कळायच्या आत, तिच्याच तोंडून निघालं, “नागपूरहून कोणी आणून देईन का? थोडंसं. डॉक्टरले सांगून.”

श्रुतिकानं मान वळवली. “आई, तू पण?”

इतकं ओशाळं दुर्गाबाईला कधी वाटलं नव्हतं. दिवसभर तिनं ज्यांना मनातल्या मनात गाढवं म्हटलं होतं, त्यांच्याच रांगेत ती हात पुढे करून उभी होती. बाई, एक पुडी दे बस.

“माणसाले किती द्याचं कोणाले माहीत नाही,” श्रुतिका म्हणाली. “दिल्यावर काय होते तेही नाही. उंदराले देतो तवा तो मेला तं आपण लिहून ठेवतो अन् दुसरा घेतो. काकाजीले उंदीर करू का मी?”

दुर्गाबाईच्या जिभेवर उत्तर आलं होतं, आणि दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिनं ते दिलंही असतं. आज तिनं ते गिळलं. “नोको करू,” ती म्हणाली. “चाल, चहा पिऊ.”

दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा उघडलं. उरलेलं आतडं जिवंत होतं. थोडा ताप, थोडी भीती, मग भाऊजींनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: “पाहुण्यायनं काय म्हटलं?”

घरी आल्यावर त्यांचं खरं काम सुरू झालं. वारासिवनीच्या घरी माणसांची रीघ, आणि खाटेवर उशीला टेकून भाऊजी. “हिंदुस्थानात पहिला माणूस मी! माझ्या पुतणीचं औषध पहिले माझ्या अंगात गेलं. सुई टोचली अन् सर्रकन थंडावा आला, पायापासून डोक्यापर्यंत.” बेशुद्ध होते तेव्हाचा थंडावा. ऐकणारे टाक्यांवरची पट्टी नमस्कार करावा तशी बघत होते. दोघं-तिघं गोंदियाच्या त्या दवाखान्यात जाऊन फ्रीजमधलं औषध मागूनही आले.

हे कळलं तशी श्रुतिकाचा नागपूरहून फोन आला. ती ओरडली नाही, हेच वाईट होतं. “आई, कोणाच्या पोटात दुखलं अन् तो त्या फ्रीजच्या भरवशावर घरी पडून राह्यला तं? अन् माझ्या सरांच्या कानावर हे गेलं तं माझ्या कामावर कोण इश्वास ठेवन? तू सांग त्यायले. सगळ्यायसमोर सांग.”

दुर्गाबाईनं डब्यात तांदळाची पेज घेतली, वर मीठ टाकलं नाही, आणि वारासिवनीची बस धरली.

खोलीत आठ-दहा माणसं होती. भाऊजी थंडाव्यापर्यंत आले होते. तिनं डबा देवकाबाईच्या हातात दिला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “भाऊजी, त्या दिवशी तुमच्या अंगात माझ्या पोरीचं काही गेलं नाही. गोंदियाले फ्रीजही नव्हता अन् औषधही नव्हतं. मी खोटं बोलली.”

पट्टी बघायला वाकलेला एक जण सरळ झाला.

“मग बरा कसा झालो मी?” भाऊजींनी विचारलं.

“डॉक्टरनं गाठ काढली, आतडं कापलं, अन् तुमी वेळेवर पोचले म्हणून. अन् पोचले कसे, तं तुमच्या बॅनरवर इश्वास ठेवणारे तुमच्या खाटेभोवती उभे होते, ते हलत नव्हते, म्हणून मी त्यायले तुमचंच खोटं थोडं लांबवून सांगितलं. त्या गोळ्या चालू केल्या का?”

“केल्या,” देवकाबाई म्हणाली. तिचा पदर डोळ्याशी गेला होता. “बाई, मी पोरीले नाही नाही ते बोलली.”

“हौ, बोलली. फोन लाव तिले. मले सांगू नोको.”

भाऊजी उशीवरून थोडे वर सरकले. अंग उतरल्यानं त्यांचा चेहरा लहान दिसत होता, प्रेमलालसारखा. “म्हणजे वहिनी,” ते सावकाश म्हणाले, “माझ्या जिवासाठी तुमी खोटं बोलले?” आणि त्यांचे डोळे भरून आले.

हे दुर्गाबाईला सोसवेना. “तुमच्या जिवासाठी कायले. पोरीसमोर मेले असते तं तिनं जन्मभर स्वतःले खाल्लं असतं. पेज थंडी होऊन राह्यली.” ती बाहेर पडली.

आठवड्याभरात तेजराम टेलर अस्तराचं कापड घेऊन आला आणि दारातच तिला वाकून नमस्कार करू लागला.

“आता काय झालं?” तिनं विचारलं.

“वीरेंद्रभाऊ सांगत होते, मावशी. तुमीच गाडी चालवली म्हणते पार गोंदियापर्यंत! पुलावर ट्रक आडवा आला तं तुमी खाली उतरून त्याची चाबी काढून घेतली. अन् दवाखान्यात डॉक्टरले म्हटलं का, मह्या दिराले काही झालं तं पाहून घेईन.”

दुर्गाबाईला साधी सायकल येत नव्हती.

“अजून काय म्हणते ते?” तिनं कापड हातात घेतलं.

“गोळी बंद करू नका म्हणते कोणी. लसणानं काही होत नाही म्हणते.”

“अन् औषधाचं? पेप्टाइडचं?”

“कायचं औषध? त्याचं तं काहीच नाही म्हटलं,” तेजराम म्हणाला.

तिनं कापड उलटून पाहिलं, त्यातला एक डाग नखानं खरवडला. मग आत जाऊन पोरीला फोन लावला.